फाटक्या कोपऱ्याची चिठ्ठी

नत्थुजी पोस्टमन सायकलवरून उतरला नाही, तेव्हाच पार्वताबाई हातातलं सूप खाली ठेवून उठली.

एरवी हा माणूस भातकुलीत पत्र नुसतं देत नसे. सायकल निंबाला टेकवायची, ओसरीवर बैठक मारायची, चहा येईपर्यंत हवापाण्याच्या गप्पा करायच्या आणि मग खाकरून दुसऱ्याच्या घरची सुखदुःखं खड्या आवाजात वाचायची, अशी त्याची रीत होती. पार्वताबाईला अक्षरओळख नव्हती, त्यामुळे तिचं आणि नत्थुजीचं बरं जमायचं. त्या शनिवारी मात्र त्यानं एक पाय जमिनीवर टेकला, दुसरा पायडलवरच ठेवला, हात लांब करून एक कार्ड पुढं केलं आणि तोंड बैलांच्या दावणीकडे फिरवलं.

"कोठचं हाये, नत्थुजी?"

"अकोल्याचं."

"मंग वाचा नं."

"इंग्रजीत हाये, वयनी. मले काई इंग्रजी येत नाई." तो पायडल मारत म्हणाला, "महादेवराव आले का त्याइले द्या. अन् बाहेरच द्या."

बाहेरच द्या म्हणजे काय, ते पार्वताबाईला कार्ड हातात उलटं केल्यावर कळलं. कार्डाचा वरचा कोपरा फाटलेला होता.

लग्नाच्या पत्रिकेच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावतात आणि मरणाच्या पत्राचा कोपरा फाडतात, हे कळायला शाळेत जावं लागत नाही. असलं पत्र उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही, बाहेर उभ्यानं वाचायचं, वाचून फाडायचं, आंघोळ करायची आणि मग रडायचं. पार्वताबाईनं आपल्या पन्नास वर्षांत अशी सहा पत्रं पाहिली होती आणि सहाही खरी निघाली होती.

आणि अकोल्यात तिची विमल होती. विमलला नववा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, भातकुलीत झालं होतं आणि मूल रडलंच नव्हतं. म्हणून या खेपेला सासूनं तिला अकोल्यातच ठेवून घेतलं, दवाखाना जवळ बरा म्हणून. आता अकोल्याहून कार्ड आलं होतं, तेही इंग्रजीत. जावयानं लिहिलं असतं तर मराठीत लिहिलं असतं. इंग्रजीत दवाखानाच लिहिणार.

पार्वताबाई अंगणात तशीच उभी राहिली. तिला रडू आलं नाही. तिला फक्त भीती वाटली, इतकी, की कार्ड धरलेला हात आपला आहे की दुसऱ्या कोणाचा, हे तिला कळेना.

*

आता, एवढ्या भीतीतही बाईमाणूस पहिल्यांदा नवऱ्याला हाक मारतं. पार्वताबाईनं मारली नाही, त्याला कारण होतं, आणि ते कारण आत ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसलेलं होतं.

तिचा मुलगा उद्धव, वय वर्षं चोवीस. ऑक्टोबरच्या अठरा तारखेला कडबा कापायच्या यंत्रात त्याचा उजवा हात गेला. अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरनं चार तास बसून बोटांच्या तुटलेल्या शिरा शिवल्या. जखम भरली, टाके निघाले, सगळ्यांनी डॉक्टरचे पाय धरले. पण मूठ काही वळेना. बोटं आपली लाकडाच्या उलथन्यासारखी सरळ. उद्धवला बैलं हाकायची तुतारी धरता येईना, धोतराची गाठ मारता येईना. सगळ्यांत वाईट म्हणजे डाव्या हातानं जेवावं लागे. शेतकऱ्याच्या घरात डाव्या हातानं भाकर मोडणं म्हणजे काय, ते सांगायला नको. तेव्हापासून तो पंगतीला बसत नसे. सगळ्यांचं झालं की ताट घेऊन भिंतीकडे तोंड करी आणि उजवा हात चादरीखाली लपवी, जसं काही त्या हातानं चोरी केली होती.

मग तिच्या नवऱ्याला, महादेवरावांना, कोणीतरी सांगितलं, की त्याच दवाखान्यात नागपूरहून एक बाई येते. ती औषध देत नाही, सुई टोचत नाही. आजाऱ्याकडून कामं करवून घेते आणि त्या कामांनीच हात चालता करते. महादेवराव आधी हसले. "काम करून बरं व्हता आलं असतं तं आपल्या गावात कोणी बिमार पडलंच नसतं!" पण गेले. बाईंचं नाव अनुपमा. तिशीची, बारीक अंगाची, आवाज मऊ पण नियम लोखंडाचे. त्या म्हणाल्या, "हात शिवणाऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मी रोग्याला बोट लावत नाही. कोणती शीर तुटली, कोणती शिवली, तिच्यावर किती जोर द्यायचा, हे सगळं त्यात लिहिलेलं लागतं. खाली सही आणि तारीख. आणि दुखापतीला तीन महिने व्हायच्या आत या. नंतर सांधे धरतात, मग माझ्याही हातात काही राहत नाही."

तोवर डॉक्टरची बदली अकोल्याला झालेली. महादेवरावांनी शाळेतल्या मास्तरांकडून डॉक्टरला पत्र लिहवून घेतलं. बाईंनी बजावलं होतं, की अकोल्याहून लाल शिक्क्याचा बंद लिफाफा येईल, तो न फोडता आणायचा. नवे रोगी त्या फक्त महिन्याच्या तिसऱ्या गुरुवारी घेत. जानेवारीतला तिसरा गुरुवार सोळा तारखेला होता. अठराला तीन महिने भरत होते. म्हणजे सोळा चुकली की हात गेला, एवढा सरळ हिशेब.

घरात महिनाभर एकच घोकणी चालली होती: लिफाफा, लाल शिक्का, सोळा तारीख. आणि लिफाफ्याच्या जागी आलं हे फाटक्या कोपऱ्याचं कार्ड.

पार्वताबाईच्या डोक्यात त्या अंगणात उभ्या उभ्या जे चाललं, ते वेडेपणाचं होतं खरं, पण त्यात तिचं एक गणित होतं. हे कार्ड नवऱ्याच्या हाती दिलं, की तो पळत मास्तरकडे जाणार. मास्तर वाचणार. तिथून तो तसाच अकोल्याला जाणार आणि तेरावा होईपर्यंत परत यायचा नाही. लिफाफा आला तरी उद्धवला कोण नेणार? आणि गेलेली लेक परत येणार नाही, पण राहिलेला हात जाणार. दुसरी गोष्ट तिनं स्वतःशीही पुरती कबूल केली नाही. सुतक लागतं ते ऐकल्यापासून. ऐकलंच नाही तर लागलं नाही. वाचलं नाही तोवर तिची विमल अकोल्यात पोटावर हात ठेवून चालत होती.

तिनं कार्ड पदरात धरून गोठ्यात नेलं आणि मागच्या भिंतीच्या कोनाड्यात, सरकीच्या ढेपेच्या पोत्याआड सरकवलं. गोठा काही उंबऱ्याच्या आत येत नाही. मग विहिरीवर जाऊन थंड पाण्यानं डोक्यावरून आंघोळ केली. जानेवारीच्या थंडीत भरदुपारी ओलेत्यानं येणारी आई पाहून उद्धव म्हणाला, "काय झालं वं माय?"

"पाल पडली अंगावर," ती म्हणाली.

"चिठ्ठी नाई आली?"

"नाई बापा. येईन."

*

रविवार गेला. सोमवार गेला. पार्वताबाई भाकरी थापत होती, त्या करपत होत्या. वरणात मीठ दोनदा पडलं, मग पडलंच नाही. अमरावतीच्या वाटेवर कोणी सायकलवर दिसलं, की ती हातातलं काम टाकून दारात येई. गाईचं दूध काढताना पाठीमागचा तो कोनाडा तिला दिसत नसे, पण आहे हे कळत असे, आणि धार चुकून बाहेर पडे. आपण किती मोठं पाप करून राहिलो, हे तिला कळत होतं. लेकीचं मरण ढेपेच्या पोत्याआड दडवून ही बाई घरात तीळ भाजत होती, कारण मंगळवारी संक्रांत होती.

संक्रांतीला सकाळी महादेवरावांनी धोतर बदललं आणि टोपी झटकली.

"मी अकोल्याले जाऊन येतो. लिफाफ्याची वाट पायत बसलो तं गुरुवार निघून जाईन. डाक्टरपासून हातोहात घेऊन येतो. अन् इमलले तीळगूळही देऊन येतो."

पार्वताबाईच्या हातातली वाटी खाली पडली. "नोका जाऊ."

"काहून?"

"संक्रांतीचा दिवस हाये. सणाले घर सोडू नाई."

"सणानं काय पोराचा हात सरळ व्हतो काय?" म्हणत महादेवराव निघाले. बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी होती. ते वळणापर्यंत गेले तोवर ती दारात उभी होती. आता संध्याकाळपर्यंत त्याला कळणार, मग आपण चार दिवस दडवलं तेही कळणार. हा माणूस हात उगारणारा नव्हता, तेच तिला जास्त जड वाटलं. मारलं असतं तर फिटलं तरी असतं.

दुपारी वाणाला बायका येणार होत्या. सुवासिनींनी भरलेलं अंगण आणि दहा हातांवर कोनाड्यात ते कार्ड. तिची सासू म्हणायची, की मरणाचं पत्र ठेवून घेतलं की ते आपल्याला जोडीदार बोलावतं. तीन राती झाल्या होत्या. पार्वताबाईच्या डोळ्यासमोर एकदम उद्धवचं तोंड आलं, आणि मग तिनं मागचापुढचा विचार केला नाही. गोठ्यात गेली, कार्ड काढलं, न बघता उभं फाडलं, आडवं फाडलं, पुन्हा फाडलं, आठ तुकडे केले आणि उकिरड्याच्या कडेला सुक्या शेणाखाली दडपून वर दगड ठेवला. चुलीत टाकायचा तिला धीर झाला नाही. विमलचं काहीही जळताना तिला पाहवणार नव्हतं.

मग हात धुऊन तिनं बायकांना हळदकुंकू लावलं. त्यात गोदाबाईचं कुंकू भुवईपर्यंत गेलं.

*

बुधवारी दिवस कलताना महादेवराव आले. पार्वताबाई अंगणात उभी होती ती दुपारपासूनच. लांबून तिला फक्त टोपी दिसली. माणूस रडत येतो तेव्हा टोपी हातात असते. टोपी डोक्यावर होती. मग चेहरा दिसला. दमलेला होता, चिडलेला होता, पण रडलेला नव्हता.

"हे घे," त्यांनी पिशवी पुढं केली. "इमलनं लाडू पाठोले. काय ते पोट तिचं, बाप्पा! डाक्टरीन म्हणते, आठ रोजात व्हईन. तब्येत झकास हाये."

पार्वताबाई मटकन खालीच बसली. पिशवी छातीशी धरून ती इतकी रडली, की महादेवराव गोंधळून गेले. "अवं, बरी हाये म्हणतो नं मी! रडून काहून राहिली?"

"काई नाई. काई नाई." चार दिवसांचं सगळं वाहून जात होतं. लेक जिवंत होती. तिला आता कशाची भीती उरली नव्हती. हे सुख जेमतेम पाच मिनिटं टिकलं.

महादेवराव टोपी काढून ओसरीवर बसले आणि कपाळावर हात मारून म्हणाले, "पण चिठ्ठी काई भेटली नाई. डाक्टर पातूरले गेले शिबिराले, शुक्रवारी येतीन. त्याइच्या सहीबिगर दुसरी चिठ्ठी नाई म्हणते कारकून. अन् पयली त मागच्या बुधवारीच टाकली म्हणते पोष्टात! लिफाफे संपले व्हते म्हणून छापील कार्डच टाकलं त्यानं. फायलीच्या दोरीतून वढताना कोपरा तेवढा फाटला म्हणे, बाकी सगळं बराबर व्हतं. डाक खाऊन गेली का नत्थ्या खाऊन गेला, काय समजत नाई."

पार्वताबाईचं रडणं जागच्या जागी थांबलं.

ओसरीवरून उद्धव म्हणाला, "जाऊ द्या बाबा. गेला तं गेला हात." तो अगदी सहज म्हणाला, पाऊस गेला तं गेला म्हणावं तसा, आणि ते ऐकून पार्वताबाईला वाटलं, की आपल्याला जमिनीनं पोटात घ्यावं.

ती उठली. "वासरू सुटलं वाटते," असं काहीतरी पुटपुटत गोठ्याकडे गेली, ती उकिरड्यावर जाऊन गुडघ्यांवर बसली. दगड काढला. शेण उपसलं. एक तुकडा लागला, मग दोन, मग एक शेणाला चिकटलेला. उजेड भराभर कमी होत होता. नखं भरली, बांगडी पिचली. सहा झाले, सात झाले. आठवा लागेना. तिनं उकिरड्याचा तो सगळा कोपरा उकरला. देवा, सही त्यावरच असली तर! सही कशी दिसते हेसुद्धा तिला ठाऊक नव्हतं. शेवटी तो दगडाच्याच बुडाला चिकटलेला निघाला.

पदरानं एकेक तुकडा पुसत ती परत आली आणि नवऱ्यापुढे पदर पसरला. खरं सांगायचं असंच ठरवून आली होती, पण तोंडातून निघालं ते भलतंच. "नत्थुजीनं गोठ्यात ठेवलं असन. वासरानं खाल्लं. तुकडे हायेत."

महादेवरावांनी वासराच्या सात पिढ्या उद्धरल्या. उद्धव आईच्या नखांकडे पाहत होता.

*

गुरुवारी अमरावतीच्या दवाखान्यात बाईंच्या खोलीसमोर तिघं बसली, तेव्हा पार्वताबाईचं सगळं अंग कान झालं होतं. आत एक म्हातारा दोऱ्यात मणी ओवत होता. एक बाई कणीक मळत होती, तिच्यासमोर चूल मात्र नव्हती.

आत बोलावून अनुपमाबाईंनी टेबलावर मांडलेले तुकडे पाहिले, नाकाला वास आला तरी नाक मुरडलं नाही.

"हे काय?"

"वासरानं खाल्लं, बाई," महादेवराव म्हणाले.

"वासरू असं सरळ रेषेत फाडत नाही." त्यांनी एक तुकडा बोटानं फिरवला. "हे पाहा, चिठ्ठी पूर्ण वाचता आली तरच मी हात हातात घेईन. शिवलेली शीर कोणती ते न कळता मी बोट वाकवलं आणि ती तुटली, तर पुन्हा शिवता येणार नाही. जोडून द्या. मी अकरापर्यंत आहे."

घड्याळात साडेदहा झाले होते. महादेवरावांनी चष्मा लावला, पण इंग्रजी त्यांना सरळ कोणतं नि उलटं कोणतं हेही कळेना. पार्वताबाईनं घाईनं हात पुढं केला, तर एक तुकडा खालीच उडाला. तेव्हा उद्धव खुर्ची ओढून बसला. त्याला इंग्रजी येत नव्हतं, पण कार्डाला छापील रेघा होत्या, आणि नांगराची तास धरणाऱ्या माणसाला रेघ कळते. डाव्या हातानं तो तुकडा सरकवू लागला. पंख्याच्या वाऱ्यानं जोडलेले तुकडे हलत. मग त्यानं अंगावरच्या चादरीतून उजवा हात बाहेर काढला. तीन महिन्यांत पहिल्यांदा चारचौघांत काढला. ती ताठ बोटं तुकड्यांवर ठेवून त्यानं ते दाबून धरले. अनुपमाबाई लांबून पाहत होत्या. त्यांनी हात लावला नाही, पण डोळे त्या बोटांवरून हलले नाहीत.

आठही तुकडे बसले. वर एक जागा मोकळी राहिली.

"एक तुकडा कमी आहे," बाई म्हणाल्या.

महादेवरावांनी डोळे मिटले. पार्वताबाई टेबलाशी सरकली. आता बोललं नाही, तर हा हात आपल्यापायीच गेला.

"तो कमी नाई, बाई. तो पयलेपासूनच नव्हता." तिचा आवाज फाटला. "वासरानं नाई खाल्लं. मी फाडलं. कोपरा फाटलेला व्हता, अकोल्याचं व्हतं. मले वाटलं, माही इमल गेली. शनवारपासून दडवून ठेवलं मी. कोणाले वाचू देलं नाई. वाचलं असतं तं ती मेली असती."

खोलीतला म्हातारा मणी ओवायचा थांबला. महादेवराव बायकोकडे पाहत राहिले. उद्धवनं तुकड्यांवरचा हात उचलला नाही. तो खाली पाहतच म्हणाला, "माय, पाच रोज एकटीच घेऊन फिरली तू हे? मले तरी सांगतलं असतं."

अनुपमाबाई वाकल्या. हळू, ओळीवर बोट न टेकवता, त्यांनी सगळं वाचलं. पार्वताबाईला तो वेळ सबंध पंधरवड्याएवढा वाटला.

"सही आहे. तारीख आहे. शिरा कोणत्या, तेही आहे." त्यांनी मान वर केली. "कोपरा हवाच, असं नियमात नाही."

मग त्यांनी उद्धवचा उजवा हात आपल्या हातात घेतला, त्याच्या तळव्यावर स्वतःचं बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "दाब. जोर नको. नुसतं मनात आण." उद्धवच्या कपाळावर घाम आला. पहिलं बोट ज्वारीच्या दाण्याएवढं हललं. खरंच हललं की आपल्याला वाटलं, हे पार्वताबाईला कळेना, आणि विचारायची तिची छाती झाली नाही.

"पुढच्या सोमवारी या. हे कार्ड दर वेळी आणायचं, हरवायचं नाही." बाईंनी नवं कार्ड लिहिलं आणि शिक्का मारून पुढं केलं.

महादेवरावांनी हात केला होता, पण पार्वताबाईनं ते मधेच घेतलं. अंगठ्यानं एकेक कोपरा चाचपला. एक, दोन, तीन, चार. चारही शाबूत होते. तरी तिनं ते पदरात बांधलं नाही. बाईंपुढे परत धरलं.

"वाचून दाखवा, बाई. इथंच, माह्यासमोर. मंग घरी नेतो."

अनुपमाबाईंनी कार्ड घेतलं आणि नत्थुजीसारख्या खड्या आवाजात वाचलं, "उद्धव महादेवराव गावंडे. भातकुली. उजवा हात."